वीस मिनिटं आणि एक जहाज

ताई, नमस्कार.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. अडीच वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. बोलणं थोडंच, एकेका शब्दाचं. डिसेंबरात भाऊ-वहिनी आणि त्यांच्या मुलांबरोबर आम्ही मुंबईतल्या एका मोठ्या संग्रहालयात गेलो. शनिवार होता, दोन शाळांच्या सहली आल्या होत्या. पहिली वीसेक मिनिटं बरी गेली. मग मधल्या दालनात तो कान दाबून खाली बसला आणि किंचाळायला लागला. सुरक्षारक्षक म्हणाला, ‘मॅडम, याला बाहेर घ्या, बाकीच्यांना त्रास होतोय.’ एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता. वहिनी म्हणाली, ‘कशाला आणायचं अशा ठिकाणी?’ लोकलमध्ये मी डोंबिवलीपर्यंत तोंड फिरवून रडत होते. आता ह्यांचं म्हणणं, पुरे झालं, तो घरातच बरा आहे.

पण ताई, त्या रात्रीपासून तो फरशीवर खडूने तीन उभ्या रेघा काढतो आणि त्यांना जोडणाऱ्या पुष्कळ तिरक्या रेघा. चार दिवसांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते तिथलं काचेतलं जहाज आहे.

त्याला परत नेऊ का? संग्रहालयाकडे काही मागायचा आपल्याला हक्क असतो, की ते उपकार मागितल्यासारखं होतं? माझी मावसबहीण एका लहान संग्रहालयात नोकरीला आहे. ती म्हणते, आमच्याकडे पैसे नाहीत, पण करता येण्यासारखं असेल तर ताईंना विचार.

– एक आई, डोंबिवली

*

प्रिय मैत्रिणी,

न्या. त्याला त्याच जहाजापाशी परत न्या.

तुमच्या पत्रातली खडूची रेघ मी तीनदा वाचली. तीन डोलकाठ्या आणि त्यांचे दोर. एवढ्या गलक्यात, दोन शाळांच्या मुलांच्या गर्दीतून, या मुलाने ते जहाज दोरांसकट डोळ्यांत भरून डोंबिवलीला आणलं. ती भेट फसली असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते ती वीस मिनिटांत उत्तम पार पडली होती. त्यानंतरही आपण मोठी माणसं चालतच राहिलो, कारण तिकीट काढलंय तर सगळी दालनं पाहायचीच, असं आपल्या मनात असतं. त्याच्यापुरती भेट संपली होती आणि ते सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हता.

ऑटिझमला आपण मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतो. तीस वर्षं या मुलांना शिकवल्यावर हा शब्द मला फार अपुरा वाटतो. स्वतःत मग्न असलेल्याला बाहेरचं काही कळत नाही, असं त्यातून वाटतं. तुमच्या मुलाचं नेमकं उलटं आहे. बाहेरचं त्याच्यापर्यंत फार पोहोचतं, सगळं एकदम पोहोचतं आणि त्यातलं कुठलं मागे ढकलावं हे त्याच्या मेंदूला जमत नाही. निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी निकषांमध्येही २०१३ सालच्या आवृत्तीपासून हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आवाज, उजेड, स्पर्श, वास यांना फार जास्त किंवा फार कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या लक्षणांपैकी एक आहे. एकाच मुलात दोन्ही असू शकतं. कुकरच्या शिट्टीने घर डोक्यावर घेणारं मूल स्वतःचं ढोपर फुटलं तरी रडत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल.

आता त्या दालनात काय काय असेल ते पाहा. जुन्या संग्रहालयांचं छत उंच, कुठे वर घुमट, खाली लादी, भिंती दगडी. आवाज शोषून घेईल असा पडदा नाही, गालिचा नाही. पन्नास मुलं बोलली की प्रत्येक आवाज भिंतीवर आपटून परत येतो. तुम्ही-आम्ही त्यातून शेजारच्याचं बोलणं वेगळं काढतो, त्याला ते जमत नाही. उजेडाचंही तसंच. प्रकाश लक्समध्ये मोजतात. मुंबईच्या दुपारच्या उन्हात तो लाखभर लक्स असतो. जुनं कापड आणि लघुचित्रं प्रकाशाने विटतात, म्हणून त्यांच्या दालनात तो साधारण ५० लक्सवर ठेवायचा असा संग्रहालयांचा प्रघात आहे. प्रघात योग्यच आहे. पण उन्हातून थेट त्या अंधारात शिरणाऱ्या मुलाला क्षणभर काहीच दिसत नाही, आणि त्याच वेळी मागून कुणीतरी त्याला ढकलत असतं. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट असतील तर त्या सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. आपल्याला ते जाणवत नाही, काही ऑटिस्टिक माणसांना जाणवतं. फिनेलचा वास, डांबरगोळ्यांचा वास. दारात बीप वाजवणारी चौकट, आणि अनोळखी माणसाने अंगावरून फिरवलेला हात. हे सगळं एकेक करून भरत जातं आणि एकविसाव्या मिनिटाला सांडतं.

तो हट्ट नव्हता. हट्ट करणारं मूल मधूनच डोळा उघडून बघतं, आई बघतेय का, हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमधल्या, म्हणजे सगळं असह्य होऊन कोसळलेल्या, मुलाला काहीच मिळवायचं नसतं, त्याला फक्त ते सगळं थांबायला हवं असतं. हा फरक वहिनींना सांगा. रागाने नको. त्यांना तो कुणी सांगितलेलाच नसेल.

माझीच एक चूक सांगते. खूप वर्षांपूर्वी मी वर्गातल्या सहा मुलांना घेऊन एका संग्रहालयात गेले होते. दीड तासाचा कार्यक्रम, सोबत माहिती देणाऱ्या बाई, सगळं आखलेलं. चौदा वर्षांचा एक मुलगा पायऱ्यांवरच थांबला आणि बाहेरच्या दगडी भिंतीवरून तळवा फिरवत राहिला. वर, खाली, परत वर. मी म्हटलं, चल, खरं बघायचं आत आहे, आणि दंड धरून त्याला आत नेलं. दहाव्या मिनिटाला त्याने स्वतःच्या मनगटाचा चावा घेतला. तो व्रण मी पुढे वर्षभर वर्गात पाहत होते. भिंत ही त्याची वस्तू होती. त्याने ती निवडली होती आणि मी ती त्याच्या हातून काढून घेतली.

तेव्हापासून मी पालकांना सांगते की भेट म्हणजे एक वस्तू आणि वीस मिनिटं. त्यातही वस्तू त्याने निवडलेली. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत १९१४ मध्ये बांधून झाली. ती कुर्ल्याच्या करड्या बेसॉल्टची आणि मालाडच्या पिवळसर दगडाची आहे. आतल्या वस्तूंना हात लावता येत नाही, त्याला कारण आहे, आपल्या तळव्याचा घाम आणि खार धातूला व कापडाला खातो. पण बाहेर बागेतल्या सावलीत उभं राहून मुंबईच्याच खाणींतला दगड मूल कितीही वेळ चाचपू शकतं. कुणाची भेट तिथेच संपली तर संपू द्या.

तुमच्या मुलाची वस्तू ठरलेली आहे, त्यामुळे तुमचं काम सोपं आहे. पहिली फेरी त्याला न घेता करा. तुम्ही एकटीने, किंवा तुम्ही दोघांनी. घरापासून जहाजापर्यंतच्या वाटेचे फोटो काढा. स्टेशन, फाटक, तपासणीची चौकट, तिकीट खिडकी, दालनाचं दार, जहाज, बसायचा बाक, स्वच्छतागृह आणि परतीचं दार. परतीच्या दाराचा फोटो विसरू नका, बाहेर कसं पडायचं हे माहीत असलं की आत राहण्याचा धीर येतो. मधल्या दालनाचा आवाज मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा. हे फोटो एका वहीत चिकटवून प्रत्येकाखाली एक छोटं वाक्य लिहा. ‘इथे बीप वाजतं. मग संपतं.’ ‘इथे जहाज आहे. आपण जहाज बघतो.’ ‘मग आपण बाहेर येतो.’ तुमच्या थेरपिस्ट याला सोशल स्टोरी म्हणतील. कॅरल ग्रे या अमेरिकी शिक्षिकेने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत बसवली. रोज झोपताना ती वही वाचा, आठवडाभर. आवाज आधी अगदी बारीक ऐकवा, तो खेळत असताना, मग थोडा मोठा. तो कान झाकेल त्या दिवशी तिथेच थांबा.

वार आणि वेळ फार महत्त्वाची. शाळांच्या सहली दिवाळीनंतर सुरू होतात आणि जानेवारीपर्यंत चालतात, मे महिन्यात सुट्टीची गर्दी असते. जुलै-ऑगस्टमधला मधला वार सगळ्यात निवांत. एक दिवस शाळा बुडाली तर बुडू दे. डोंबिवलीहून सकाळच्या गर्दीत निघू नका, संग्रहालयापर्यंत पोहोचण्याआधीच त्याचं भांडं भरलेलं असेल. अकरानंतरची लोकल, एक-दीडच्या सुमाराला आत, आणि संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत परत. पाऊस असेल तर कोरडे मोजे जवळ ठेवा. ओल्या मोज्यांनी बिघडलेल्या सहली मी मोजल्या आहेत.

पिशवीत कानांवर लावायचे इअरमफ घ्या. फार महागडे नकोत, कापायच्या मशीनवर काम करणारे कारागीर वापरतात तसले हार्डवेअरच्या दुकानात मिळतात आणि उत्तम चालतात. घरी टीव्ही बघताना त्याला त्यांची सवय करा, त्या दिवशी पहिल्यांदा नको. झापडीची टोपी, त्याचा रोजचा रुमाल, पाणी. आत खाऊ देत नाहीत, म्हणून बागेत आधी खायला द्या. भुकेलं मूल कुठलाच आवाज सोसत नाही. आत शिरताना ओसरीत पाच मिनिटं सावलीत थांबा, डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला तेवढा तरी वेळ लागतो. तपासणीच्या जागी रक्षकाला आधीच सांगा, ‘याला हात लावलेला सोसत नाही, पिशवी तपासा, मी त्याचे खिसे उलटे करून दाखवते.’ मी पाहिलं आहे, नीट आणि आधी सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात.

जहाजापाशी गेल्यावर बोलू नका. ‘हे बघ शीड, हे बघ सुकाणू’ नको. तो मोजत असेल. त्याला मोजू द्या. वीस मिनिटांनी, सगळं छान चाललेलं असताना, निघा. हे सगळ्यात अवघड आहे. चांगलं चाललंय तर अजून एक दालन, हा मोह मला आजही होतो.

तरीही मेल्टडाउन झाला तर? शब्द कमी करा, एकच वाक्य, हळू आवाजात: ‘मी इथे आहे.’ डोळ्यांत बघायला लावू नका. घट्ट धरलेलं आवडत असेल तर धरा, नसेल तर त्याच्यात आणि गर्दीत पाठ करून बसा, म्हणजे तुमचीच भिंत होईल. ‘बघ, सगळे बघतायत’ हे वाक्य कधीच नको. शूटिंग करणाऱ्याला सोबतच्या माणसाने सांगायचं, तुम्ही नाही. म्हणून सोबत कुणीतरी हवं. पाहिजे तर एका कार्डावर मराठीत आणि हिंदीत लिहून ठेवा: ‘माझ्या मुलाला ऑटिझम आहे. आवाजाचा त्रास होतोय. थोडी जागा द्या, तो शांत होईल.’ काही आयांना असं कार्ड दाखवणं पटत नाही, मुलाची ओळख चारचौघांत का मांडायची, असं त्यांना वाटतं. त्यांचंही बरोबर आहे. तुम्हाला जे पेलेल ते करा.

आता हक्काचं. उपकार अजिबात नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व मोजलेलं आहे आणि ऑटिझम त्यांपैकी एक आहे. त्याच कायद्याचं २९ वं कलम सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीचं आहे. इतरांच्या बरोबरीने त्यात भाग घेण्याचा अपंग व्यक्तींचा हक्क जपण्यासाठी सरकारने आणि स्थानिक प्राधिकरणांनी पावलं उचलायची आहेत, असं ते सांगतं. कायद्यात वाजवी सोयीची कल्पनाही आहे. समोरच्यावर न झेपणारा बोजा न टाकता, त्या एका व्यक्तीसाठी करायचा योग्य तो बदल, असा तिचा अर्थ. आपल्याकडे चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवा हे आता लोकांना कळू लागलं आहे. ऑटिस्टिक माणसाचा उतार म्हणजे आधी मिळालेली माहिती, थोडी शांतता आणि बाहेर जाऊन परत येण्याची मोकळीक. त्याला ना सिमेंट लागत ना ठेकेदार.

म्हणून जायच्या पंधरा दिवस आधी संग्रहालयाला एक पत्र किंवा ईमेल पाठवा. तक्रार नको, मागणी लिहा, आणि मोजकी लिहा. मी नमुना देते, तसाच उतरवून घेतलात तरी चालेल:

‘माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे. त्याला तुमच्याकडचं जहाज पुन्हा बघायचं आहे. आम्ही अमुक तारखेला दुपारी एकच्या सुमारास येऊ. त्या दिवशी शाळांचे गट कधी आहेत ते कळवावं. त्याला त्रास झाला तर बसता येईल अशी शांत जागा कोणती ते सांगावं. त्याच तिकिटावर बाहेर जाऊन परत आत येऊ द्यावं. दारावरील रक्षकांना आधी कल्पना द्यावी. डिसेंबरातल्या भेटीत आम्हाला बाहेर जायला सांगण्यात आलं होतं, तसं पुन्हा होऊ नये म्हणून हे लिहीत आहे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते घडलं आहे आणि त्यांना ते कळायला हवं. उत्तर आलं नाही तर आठ दिवसांनी फोन करा. पुढे गरज पडलीच तर पुण्याला राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथे लिहिता येतं. पण माझा अनुभव असा की नावानिशी, तारखेनिशी आलेलं पत्र कुणाच्या तरी टेबलावर थांबतं, आणि त्या टेबलामागच्या माणसाला बहुधा मदत करायचीच असते. काय करायचं ते त्याला माहीत नसतं इतकंच.

तुमच्या मावसबहिणीसाठी आता. तिला हा भाग वाचायला द्या.

बाई, पैसे नाहीत म्हणता, तर वही आणि पेन घ्या. सकाळी उघडल्यावर एकदा, दुपारी एकदा आणि रविवारी एकदा सगळ्या दालनांतून फिरा आणि नकाशावर लिहा. कुठे आवाज घुमतो, कुठे अंधार आहे, कुठे वास येतो, कुठली चित्रफीत सारखी वाजत असते, कुठे गर्दी अडते, कुठे बसता येतं. हाच तुमचा संवेदनांचा नकाशा. त्याची एक पानी प्रत फोटोंसह मराठीत तिकीट खिडकीवर आणि तुमच्या वेबसाइटवर ठेवा. शांत नसलेल्या दालनाला शांत म्हणू नका. घरच्यांना खरं हवं असतं, गोड नको.

स्वच्छतागृहात हात वाळवायचं यंत्र असेल तर ते बंद करून कागदी रुमाल ठेवा. त्या यंत्राच्या भीतीने तासन्‌तास लघवी रोखून धरणारी मुलं मला माहीत आहेत. चित्रफितींना बटण द्या, ज्याला ऐकायची त्याने लावावी. ट्यूबलाइट बदलायची वेळ आली की न लुकलुकणारे एलईडी मागवा. कोपऱ्यात एक बाक भिंतीकडे तोंड करून ठेवा, त्यावर पाटी नको, बाक पुरे. एका ताटात हात लावायच्या वस्तू ठेवा, बेसॉल्टचा तुकडा, पितळी लोटा, सागाची फळी, हातमागाचं कापड. तुमच्या संग्रहात जे आहे त्याचे हे साधे भाऊबंद. अंध पाहुण्यांनाही ते उपयोगी पडतील, आणि लहान मुलं तर ताट सोडणार नाहीत.

रक्षकांवर मात्र वेळ घालवा. हे लोक कंत्राटावर येतात, एजन्सी बदलली की चेहरे बदलतात, बारा तास उभे असतात आणि ‘गडबड होऊ देऊ नका’ एवढंच त्यांना सांगितलेलं असतं. त्या डिसेंबरातल्या रक्षकाने तेच केलं. म्हणून सूचना माणसाच्या डोक्यात ठेवू नका, लॅमिनेट करून प्रत्येक नाक्यावर लावा. दोनच वाक्यं: ‘मी काही मदत करू का?’ आणि ‘तिकडे शांत जागा आहे, हवा तेवढा वेळ बसा.’ आणि एक काम, बघ्यांना पुढे जायला सांगणं. गोल फिरणारं, हात फडफडवणारं, गुणगुणणारं मूल काचेला धोका नसेल तर कुणाचंच काही बिघडवत नाही, हे त्यांना प्रत्यक्ष दाखवून सांगा.

जमलं तर महिन्यातून एकदा, रोजच्या वेळेआधी एक तास दार उघडा. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ‘अर्ली बर्ड्स’ नावाने, तिथल्याच नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये ‘डॉनोसॉर्स’ नावाने आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये ‘मॉर्निंग अॅट द म्युझियम’ नावाने अशा वेळा ठेवल्या जातात. दिवे सौम्य, चित्रफिती मुक्या, माणसं मोजकी. पण एक कळकळीची विनंती. २ एप्रिलला, जागतिक ऑटिझम जागरूकता दिनाला, ही सुरुवात करू नका. आपल्याकडे त्या दिवशी मांडव येतो, माइक येतो, प्रमुख पाहुणे येतात, दीपप्रज्वलन, फुगे, टाळ्या. ज्या मुलांसाठी हे चाललेलं असतं ती मुलं कान दाबून मागच्या रांगेत बसलेली असतात. एखाद्या साध्या मंगळवारी, काही न सांगता, दार उघडा.

आणि हे सगळं ठरवताना लहान मुलांपुरतं ठरवू नका. ऑटिस्टिक मुलं मोठी होतात. चाळिशीतला माणूस एकटा येतो, कुणाची आई सोबत नसते, आणि त्यालाही जहाज बघायचं असतं. नकाशा करताना अशा दोन-तीन मोठ्या माणसांना बोलवा, दालनं दाखवा, ते सांगतील ते ऐका आणि त्या दिवसाचं मानधन द्या. माणसं शोधायला मुंबईत पालकांची ‘फोरम फॉर ऑटिझम’ आहे, ‘उम्मीद’सारखं बालविकास केंद्र आहे, त्यांना विचारा.

परत तुमच्याकडे येते. जहाजाआधी एखादी लहान रंगीत तालीम हवी असेल तर मध्य रेल्वेनेच भायखळ्याला उतरा. राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उघड्यावर उभा आहे. तो बघून आत न जाता परत आलात तरी भेट झाली. बुधवारी बंद असतं, तो वार टाळा. गावदेवीचं मणिभवन घरासारखं आहे, गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत तिथे उतरत, खोल्या लहान, गल्ली शांत. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र मात्र जपून. तिथे सगळं हाताळता येतं, हलतं, वाजतं. ज्या मुलाला धक्के, गरगर, हालचाल हवी असते त्याला ते स्वर्ग वाटेल, तुमच्या मुलाला आवाज झेपणार नाही असं मला वाटतं. हे पत्र वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरी बसचे नंबर पाठ असलेलं मूल असेल, तर बेस्टचं आणिक आगारातलं संग्रहालय आधी फोन करून बघून घ्या. मुंबईची घोड्यांची ट्राम १८७४ ला सुरू झाली, विजेची १९०७ ला, आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. अशी मुलं या तारखा एकदा ऐकून आयुष्यभर सांगतात.

तुमच्या मिस्टरांबद्दल. ‘पुरे झालं’ असं बाप म्हणतो तेव्हा बहुधा मुलाला कंटाळलेला नसतो. चारचौघांत आपल्या लेकराकडे लोक ज्या नजरेने बघतात ती पुन्हा सोसायची नाही, असं त्याला म्हणायचं असतं. त्यांच्याशी हक्क आणि कलमांवर वाद घालू नका. त्यांना पहिल्या फेरीला सोबत न्या, मुलाशिवाय. फोटो त्यांना काढू द्या. वहीतली वाक्यं त्यांच्या हातून लिहून घ्या. मुलाला न्याल त्या दिवशी बघ्यांना बाजूला करायचं काम त्यांचं, मुलापाशी बसायचं तुमचं. ते जहाजासमोर उभे राहतील तेव्हा त्यांना सांगा, जवळून एक फोटो घ्या, डोलकाठ्यांपासून खाली येणारा प्रत्येक दोर दिसेल असा. तो मोठा छापून घरी आणा आणि फरशीवरच्या खडूशेजारी ठेवा.